मौनाचं पारणं

"भूक कशी आहे?" मुजावर मॅडमनी विचारलं.

बुवा समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसले होते. त्यांच्या वतीनं मीच म्हणालो, "एकभुक्त आहेत ते. दिवसातून एकदाच घेतात, तेही चार घास."

"औषधाच्या डोसामुळे?"

"छे हो. व्रत आहे. चातुर्मास नाही का चालू?"

मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी. डोक्यावरून ओढणी, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. मिरजेच्या त्या दवाखान्यात कॅन्सरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, त्यांच्या मनाचा ठाव घ्यायचा, हे तिचं काम. तिसऱ्या डोसाच्या दिवशी तिनं आम्हांला त्या लहानशा खोलीत बसवलं होतं. द्वारकाकाकू, म्हणजे बुवांची मंडळी, खाली सरकारी योजनेच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायला रांगेत उभ्या होत्या.

"झोप?"

"पहाटे अडीच-तीनलाच उठून बसतात. नामस्मरण चालतं."

"म्हणजे तोंडानं जप करतात?"

"तोंडानं नाही. आतला जप असतो तो."

"बोलणं कमी झालंय का?"

"मौन आहे, मॅडम. आषाढातल्या एकादशीपासून. कार्तिकातल्या द्वादशीला सुटेल."

"आणि पूर्वी ज्यात आनंद वाटायचा, गाणं, माणसं, त्यातलं लक्ष उडालंय का?"

मला हसूच आलं. "त्याला आमच्यात वैराग्य म्हणतात."

ती हसली नाही. लेखणी बंद करून ती बुवांच्या समोर खुर्ची ओढून बसली. "बुवा, हा शेवटचा प्रश्न. तुम्हीच सांगा. आपण नसतो तर बरं झालं असतं, जगणं नको, असं मनात येतं का?"

बुवांची नजर भिंतीवरून सुटली. ती तिच्या तोंडाकडे आली. ओठ सुटे झाले, आणि घशातून खर्ज लागावा तसा एक आवाज निघाला.

मी चटकन त्यांच्या हातावर हात ठेवला. "बुवा, बोलू नका. मौन मोडेल. मी सांगतो ना." आणि मॅडमना म्हणालो, "हरिदास आहेत ते. पन्नास वर्षं कीर्तन केलंय. असले विचार त्यांच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत."

बुवांनी तोंड मिटलं. नजर पुन्हा डागावर गेली.

याला आता सोळा वर्षं झाली. त्या खोलीतलं बाकी सगळं मी विसरेन, पण माझ्या हाताखाली त्यांचा हात कसा निर्जीव झाला, ते विसरत नाही.

मी रघुनाथ कासार. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान हा पोटाचा धंदा, आणि पेटी हा खरा. त्रिंबकबुवा नेर्लेकरांच्या मागे बसून मी सत्तावीस वर्षं पेटी वाजवली. मागे म्हणजे शब्दशः मागे. कीर्तनकार उभा, साथीदार बसलेले. लोकांनी बुवांचं तोंड पाहिलं, मी पाठ पाहिली. पण त्या पाठीवरून मला सगळं कळायचं. डावा खांदा उचलला की पंचम हवा. मान किंचित झुकली की आता आख्यान रडवणार, भाता हलका घ्यायचा. गवई श्वास घ्यायला थांबला की ती मोकळी जागा पेटीनं भरायची, हा आमचा धर्म. लोक म्हणायचे, "बुवांनी न सांगता रघूला कळतं." मला त्याचा फार अभिमान होता.

आणि बुवांचं कीर्तन! काळी दोनमध्ये स्वर लावला की कृष्णेकाठच्या आमच्या विष्णुमंदिराचा सभामंडप भरल्या घागरीसारखा होऊन जायचा. पूर्वरंगात ते असं निरूपण करायचे की म्हातारी माणसं माना डोलवायची. मग मध्यंतरात हार-बुक्का झाला की उत्तररंगात हसवून हसवून लोळवायचे. एकदा नारदाची फजिती सांगताना त्यांनी माझीच नक्कल केली. "नारदानं वीणा काढली, आणि मागे आमच्या रघूसारखा एक जण, न विचारता सूर देणारा!" सगळा मंडप हसला. मीही हसलो.

आतड्याची गाठ निघाली ती त्यांच्या बाहत्तराव्या वर्षी, वैशाखात. त्यांना मूल नाही. दवाखान्याला न्यायचं-आणायचं माझ्याकडे आलं, आणि ते मी मुलाच्या मायेनंच केलं. ज्येष्ठात पहिला डोस झाला. आषाढात, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर बुवा ओसरीवर खांबाला टेकून बसलेले. काकू म्हणाल्या, "काल उपवास होता ते ठीक, पण आज द्वादशी असून ताटाला हात लावला नाही. बोलतही नाहीत."

मी बुवांसमोर बसलो. "बुवा, यंदा मौन धरलंय की काय?"

त्यांनी डोळे मिटले.

झालं. मला कळलं. मी काकूंना म्हणालो, "काकू, यांनी चातुर्मासाचं व्रत घेतलंय. एकभुक्त आणि मौन." काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हं. असेल."

संध्याकाळी मी देवळात सांगितलं. देवळाचे पंच गलगलेमास्तर निवृत्त शिक्षक, गोष्ट चार गल्ल्यांत पोचवायला त्यांना दवंडी लागत नसे. दुसऱ्या दिवसापासून माणसं दर्शनाला येऊ लागली. व्रतस्थ माणसाला व्रताबद्दल विचारायचं नसतं, हा आमच्याकडचा रिवाज. विचारलं की त्यात खोट येते. म्हणून कुणीच विचारलं नाही.

तर मिरजेच्या त्या खोलीतून आम्ही बाहेर पडलो, बुवांना डोस द्यायला पलंगावर निजवलं, तेव्हा मुजावर मॅडमनी मला जिन्यापाशी गाठलं.

"काका, एक मिनिट. माझे आजोबा बुवांच्या कीर्तनाला यायचे. औरवाडहून, सायकलवरून. घरी येऊन आम्हांला गोष्टी सांगायचे. म्हणून मोकळेपणानं बोलते. हे मला व्रत वाटत नाही."

"मग काय वाटतं?"

"नैराश्य. आजारच आहे तो, गाठीसारखा. कॅन्सरच्या म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ दिसतो, आणि औषधानं बरा होतो." तिनं एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. "दर गुरुवारी मनोविकाराचे डॉक्टर येतात. त्यांना दाखवा. मात्र एक सांगते, हे योजनेच्या कार्डावर बसत नाही. डोस बसतात, हे नाही. त्यांची फी आणि बाहेरच्या गोळ्या मिळून महिन्याला दोन-अडीच हजार धरा."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? बुवांना?"

"वेड्यांचे नाहीत हो ते. काका, वजन बघितलंत का बुवांचं? त्रेचाळीस."

वजनाचं मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. गाठ अर्ध्यावर आली आहे, सहा डोस पुरे झाले तर बुवा अजून पाच-सात वर्षं सहज कीर्तन करतील. पण वजन चाळीसच्या खाली गेलं तर पुढचा डोस देता येणार नाही. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं चार घासांवर.

मी चिठ्ठी खिशात घातली. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. काल-परवाची पोर, हिला व्रत काय कळणार? आणि खाली काकू रांगेतून आल्या तेव्हा त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. पांढऱ्या पेशी वाढवायच्या, बाहेरून विकत आणायच्या सुईसाठी दुसऱ्या डोसाच्या वेळी पाटल्या गेल्या होत्या. आता नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या, दोन-दोन.

"काय म्हणाल्या रे मॅडम?"

"काही नाही. खायला घाला म्हणाल्या."

घरी आल्यावर ती चिठ्ठी मी पेटीच्या खोक्यात, खालच्या मखमलीखाली सरकवली. फाडली नाही. का फाडली नाही ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

भाद्रपदात चौथा डोस झाला. वजन एकेचाळीस.

देवळात आता बुवांना रोज संध्याकाळी आणून खांबापाशी बसवत. मी पेटी घेऊन शेजारी बसे, लोक भजन म्हणत. कधी भजन रंगात आलं की बुवांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. तोंडावर काही नसे, फक्त पाणी. गलगलेमास्तर हलक्या आवाजात शेजारच्याला सांगायचे, "अष्टसात्त्विक भाव! बघून घ्या. पुन्हा दिसायचे नाहीत." बायका पोरांना पुढे करायच्या, बुवांच्या पायावर घालायच्या. बुवा पाय आत ओढून घ्यायचे. त्यालाही लोक नम्रता म्हणायचे.

काकू रोज एक वाटी आमटी-भात कालवून त्यांच्यापुढे बसायच्या. "एक घास. माझ्यासाठी." कधी दोन घास जात, कधी नाही.

आश्विनात पाचव्या डोसाला गेलो. वजनकाट्यावर एकोणचाळीस. मोठ्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "आज नाही देता येणार. वजन चाळीसवर गेलं की या. जेवण वाढवा." मुजावर मॅडम दारात उभी होती. तिनं मला विचारलं, "गुरुवारी आलात का कधी?" मी म्हणालो, "द्वादशीला व्रत सुटतंय, मॅडम. मग सगळं सुरळीत होईल. जेवतील."

"द्वादशी कधी?"

"चोवीस दिवस आहेत."

"काका, चोवीस दिवस फार होतात," ती म्हणाली.

कार्तिकातल्या द्वादशीला सकाळी मंडप असा भरला होता की पायरीवरही जागा नाही. बुवांचं मौन सुटणार होतं. चार महिन्यांच्या मौनानंतर संताच्या तोंडचा पहिला शब्द कानी पडावा, म्हणून नृसिंहवाडीहूनसुद्धा माणसं आली होती. देवापुढे आवळे, बोरं, उसाची कांडी मांडलेली. बायकांनी घरोघरच्या खिरी आणल्या होत्या. बुवांना खुर्चीतून आणलं, धुतलेलं उपरणं अंगावर घातलं. ते उपरणं खुंटीवर लटकावं तसं त्यांच्यावर लटकत होतं. मी पेटी काढून त्यांच्या उजव्या हाताला बसलो. इतक्या वर्षांत पेटीवर बसून पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की या तोंडावरून मला काहीच ओळखता येत नाही.

गलगलेमास्तरांनी बुवांच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला. "बुवा, व्रत पूर्ण झालं. भगवंताच्या कृपेनं आता आपल्या मुखातून पहिला शब्द येऊ द्या."

सगळे श्वास रोखून बसले. कुणाच्या तरी कडेवरचं पोर कुरकुरलं, त्याला दटावलं.

बुवांनी ओठ ओले केले. आवाज कसला, कोरड्या पानावरून मुंगी चालावी तसा. पण शांतता इतकी होती की शेवटच्या पायरीवरही तो ऐकू गेला.

"मी... कुठलंही व्रत घेतलं नव्हतं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग गलगलेमास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? मंडळी, ऐकलंत? चार महिने अन्न-वाणी सोडली, आणि म्हणतात, मी काही केलंच नाही! कर्तेपणाचा लवलेश नाही! याला म्हणतात निरहंकार!"

सगळा मंडप उठला. नामाचा गजर सुरू झाला. टाळ वाजले. आणि माझे हात? माझे हात सवयीनं पेटीवर गेले. काळी दोन. बुवा थांबले होते, मोकळी जागा पडली होती, मी ती भरली.

तोच बुवांचा हात पुढे आला. नुसतं हाड. तो पेटीच्या भात्यावर पडला आणि त्यांनी भाता दाबून धरला. सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्या पेटीला बोट लावलं नव्हतं. सूर तुटला. गजर एवढा होता की ते कुणाला कळलंही नाही.

मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"रघू," ते म्हणाले, "मला भीती वाटते रे. देव दिसत नाही. नाव घ्यायला जातो तर आत काही नाहीच. विहीर आटावी तसं झालंय. तिला सांगणार होतो मी. त्या पोरीला."

मग बायका खिरीच्या वाट्या घेऊन पुढे आल्या. पहिला चमचा त्यांच्या ओठांवरून हनुवटीवर ओघळला. लोकांनी तोच प्रसाद म्हणून बोटांवर घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी मिरजेला गेलो. मखमलीखालची चिठ्ठी काढून मुजावर मॅडमच्या टेबलावर ठेवली. तिनं ती उलगडली, वरची तारीख पाहिली आणि ती लगेच उठली. नेमका गुरुवार होता. तिनं मनोविकाराच्या डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी फी घेतली नाही, वर स्वतःची गाडी काढून माझ्याबरोबर बुवांच्या घरी आले. अर्धा तास बुवांशी एकटे बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "उशीर झालाय. पण सुरू करू." गोळ्या मी आणल्या. पेटीच्या नव्या सुरांच्या पट्ट्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यातच भागलं. एवढंच होतं ते. चिठ्ठी मिळाली तेव्हाही तेवढ्यातच भागलं असतं.

दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. आत काकू घास भरवत होत्या. एकाएकी बुवांचा आवाज आला. बारीकच, पण नीट.

"द्वारके, आमटी अळणी झालीय."

काकू बाहेर आल्या त्या वाटी हातात घेऊनच. हसत होत्या, रडत होत्या. "ऐकलंस? नावं ठेवलीन माझ्या आमटीला! मेलं मीठच विसरले मी." धावत आत गेल्या, मीठ घालून आल्या. बुवांनी त्या दिवशी पाच घास घेतले. संध्याकाळी मला म्हणाले, "पेटी आण उद्या. मात्र वाजवू नकोस. नुसती जवळ ठेव." त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात जुनी, नक्कल करतानाची सुरकुती उमटल्यासारखी वाटली.

पण अंगात काही उरलंच नव्हतं. त्याच आठवड्यात थंडीनं छाती भरली. तापात दोन रात्री काढल्या, आणि मार्गशीर्ष लागायच्या आधी बुवा गेले. डॉक्टरांच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं. गावानं लिहिलं ते वेगळं. अजून दर पुण्यतिथीला देवळात त्या चातुर्मासाचं आख्यान लावतात. नवे बुवा छान रंगवतात. पहिल्या शब्दाची जागा आली की लोक रडतात. मी त्या दिवशी पेटीला बसत नाही. बोट दुखतं म्हणून सांगतो.

चौदावा झाला त्या दिवशी पाहुणे गेल्यावर काकूंनी मला जेवायला थांबवलं. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. जिन्यापाशी मिळालेली चिठ्ठी, मखमल, तो शेवटचा प्रश्न आणि बुवांच्या हातावर ठेवलेला माझा हात.

काकू ऐकत होत्या. पळीनं आमटी ढवळत होत्या.

"तू कशाला एकट्यानं रडतोस?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं होय?"

"काय?"

"अरे, पन्नास वर्षं संसार केला. व्रत घ्यायचं म्हटलं की आधी मला सांगायचे. 'द्वारके, यंदा वांगं बंद.' 'द्वारके, यंदा कांदा नको.' एक चातुर्मास चुकला नाही. यंदा काही बोलले नाहीत. तू म्हणालास व्रत, मी म्हटलं, असेल."

"मग काकू, तुम्ही त्यांना विचारलं का नाही?"

त्यांनी पळी खाली ठेवली. "विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. सांगितलं असतं तर औषध आणावं लागलं असतं. पाटल्या गेल्या होत्या, मंगळसूत्राच्या वाट्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या मी सहाव्या डोसाच्या सुईला ठेवल्या होत्या." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "व्रताला पैसे पडत नाहीत रे रघू."

चुलीवरचं भांडं उतरवून त्यांनी माझ्या वाटीत आमटी वाढली. स्वतःचं ताट त्यांनी घेतलंच नव्हतं.

"मीठ बघ जरा," त्या म्हणाल्या. "मला हल्ली चव कळत नाही."

मी घास घेतला नाही. वाटी बाजूला सरकवली आणि त्यांच्यासमोर सरकून बसलो, तोंड दिसेल असा.

"काकू," मी विचारलं, "कधीपासून?"